संहिता आणि पाठभेद : विद्युत गिटारच्या पिकअप-जोडणीतील फेरबदलांची चिकित्सा

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची चर्चा प्रामुख्याने गायक, गीत व संगीतरचना यांच्या अंगाने झालेली आहे. वाद्याच्या अंतरंगाकडे समीक्षकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. विद्युत गिटारच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या वाद्याचा नाद लाकडाच्या पोकळीत पूर्ण होत नाही. तारांखाली बसवलेले पिकअप, त्यांना जोडणाऱ्या वायरी व निवडीचे स्विच यांतून गेल्यावरच त्याला रूप येते. अनेक वादकांनी कारखान्यातून आलेली ही जोडणी उघडली आणि वायरींना नव्याने डाख देऊन ती आपल्या गरजेनुसार बदलून घेतली.

अशा फेरबदलांकडे बहुधा हौशी कारागिरी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. कारखान्याची जोडणी ही एक संहिता मानली, तर वादकाने केलेला बदल हा त्या संहितेचा पाठभेद ठरतो. त्यात मूळ रचनेवरील टीका असते आणि पर्यायही असतो. मात्र प्रत्येक पाठभेद सारख्याच मोलाचा नसतो. त्याचे मोल कशावरून ठरवावे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी :

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक वायरीचे हजारो वेढे होत. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. १९३२ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या विद्युत गिटारींपासून हे तत्त्व कायम आहे. पिकअप ब्रिजजवळ असेल तर नाद तीक्ष्ण येतो आणि मानेजवळ असेल तर भरदार व गोलसर येतो. कारण तारेच्या वेगवेगळ्या बिंदूंवर उपस्वरांचे प्रमाण वेगवेगळे असते.

दोन पिकअप एकत्र जोडण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. समांतर जोडणीत नाद स्वच्छ व चमकदार राहतो. एकसर जोडणीत दोहोंचे विद्युतदाब व प्रवर्तन यांची बेरीज होते, त्यामुळे आवाज मोठा व दाट होतो आणि वरच्या टोकाची चमक कमी होते. यात फेजची भर पडते. एका पिकअपची टोके उलटी जोडली की दोघांचे संकेत परस्परविरोधी होतात, खालचे स्वर बहुतांशी एकमेकांना छेदून जातात व पातळ, नाकातला नाद उरतो. पुढे पाहावयाचे बहुतेक फेरबदल या मोजक्या क्रियांवरच उभे आहेत.

स्ट्रॅटोकास्टर : वापरातून झालेली दुरुस्ती :

फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली. तीत पिकअप तीन होते आणि निवडीच्या स्विचलाही तीनच जागा होत्या. एका वेळी एकच पिकअप ऐकू यावा, असा निर्मात्याचा हेतू या रचनेतून स्पष्ट होतो. वास्तविक तीन पिकअपचे समांतर जोडणीत सात संयोग होऊ शकतात. त्यांपैकी तीनच वादकाच्या हाती दिले गेले.

तथापि स्विचची दांडी दोन जागांच्या मध्ये थांबवली तर शेजारचे दोन्ही पिकअप एकदम चालू राहतात, हे वादकांच्या ध्यानात आले. या अडनिड्या जागी मिळणारा काहीसा पोकळ पण रेखीव नाद त्यांनी आपलासा केला. अखेर १९७७ मध्ये, म्हणजे तब्बल २३ वर्षांनी, कंपनीने स्वतःच पाच जागांचा स्विच बसवला आणि वादकांचा पाठभेद अधिकृत संहितेत दाखल झाला.

या नादाला वादकवर्गात सर्रास ‘उलट्या फेजचा’ म्हटले जाते. परंतु ते तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. या जागी दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये व समांतर असतात. तारेचे कंपन दोन बिंदूंवरून एकदम टिपले गेल्याने काही उपस्वर क्षीण होतात आणि त्यामुळे तो पोकळपणा येतो. खरोखर फेज उलटी असती तर खालचे स्वर असे टिकले नसते.

पाच जागांनंतरही दोन संयोग बाकी राहतात : मान व ब्रिज एकत्र, आणि तिन्ही पिकअप एकत्र. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांनी आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये एक छोटा स्विच वाढवून घेतला होता. मुख्य स्विच कोठेही असला तरी मानेजवळचा पिकअप चालू करणे, एवढेच त्याचे काम होते. उरलेले दोन्ही संयोग त्यामुळे नेमके उपलब्ध झाले. एका स्विचने सातांचा हिशेब पूर्ण करणारा हा बदल काटकसरीचा उत्तम नमुना म्हणावा लागेल.

रेड स्पेशल : मुळापासून वेगळी संहिता :

क्वीन या वाद्यवृंदाचे ब्रायन मे यांनी वडील हॅरोल्ड मे यांच्या साहाय्याने १९६३ मध्ये रेड स्पेशल ही गिटार घरीच घडवावयास घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या महॉगनी लाकडातून कोरलेली आहे आणि तारा हेलकावण्याच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आहेत. पिकअप मात्र बर्न्स कंपनीचे विकतचे आहेत. मे यांनी त्यांत अॅरल्डाइट भरून त्यांची शिट्टी मारण्याची खोड घालवली.

या गिटारचे वेगळेपण तिच्या जोडणीत आहे. तिन्ही पिकअप एकसर जोडलेले असून प्रत्येकाला दोन सरकते स्विच आहेत. एक पिकअप चालू-बंद करतो, दुसरा त्याची फेज उलटवतो. प्रत्येक पिकअपच्या तीन अवस्था धरल्यास एकूण २७ मांडण्या होतात. सर्व पिकअप बंद असलेली निःशब्द मांडणी वगळली आणि सर्व फेज एकदम उलटल्याने कानाला फरक जाणवत नाही हे लक्षात घेतले, तर प्रत्यक्षात १३ वेगळे नाद उरतात.

मे यांनी सर्वाधिक वापर मात्र ब्रिज व मधला पिकअप एकाच फेजमध्ये ठेवण्याचा केला. तेरा वाटा मोकळ्या असताना एकीवरच घर बांधावे, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु एकसर जोडणीचा हा दाट नाद, व्हॉक्स एसी ३० हा अॅम्प्लिफायर आणि प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचे नाणे यांचा मेळ त्यांच्या वादनशैलीशी पूर्णपणे जमला होता. उरलेले संयोग विशिष्ट प्रसंगांसाठी राखीव राहिले. येथे स्विचांची संख्या मोठी असली तरी त्यामागील निवड संयमित आहे.

वजाबाकी आणि अपघात :

एडी व्हॅन हेलन यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही गिटार नेमकी उलट दिशेने जाते. सुट्या भागांतून जुळवलेल्या या गिटारमध्ये ब्रिजजवळ गिब्सन कंपनीचा दुहेरी वेटोळ्याचा एक पिकअप आणि आवाजाचे एक बटण, एवढेच कार्यरत होते. त्या बटणावर ‘टोन’ असे लिहिलेले असे, हा भाग निराळा. पुढे मानेजवळ दिसू लागलेला पिकअप व मधला स्विच यांना जोडणीच नव्हती. १९७८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतून या गिटारचा नाद जगभर पोहोचला. टोनचे बटण वगळल्याने पिकअपवरील भार थोडा घटतो व वरच्या स्वरांची धार राहते. येथे कमी करणे हीच रचना झाली.

पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमधील बदल तर योजनेने झाला की अपघाताने, याविषयी एकवाक्यता नाही. तिच्या मानेजवळच्या पिकअपमधील चुंबक उलटा आहे. एकेक पिकअप स्वतंत्र वाजवला तर काहीच निराळे वाटत नाही; दोन्ही एकत्र केले की पातळ, विव्हळ नाद येतो. कारखान्याच्या तपासणीत जो दोष ठरला असता, तो ग्रीन यांच्या ब्लूज वादनाची ओळख बनला. पुढे ही गिटार गॅरी मूर आणि नंतर कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. चुंबक पुन्हा सरळ करणे सोपे होते, तरी हा ‘दोष’ आजवर जपला गेला, ही गोष्ट बोलकी आहे.

विपुलतेची मर्यादा :

जिमी पेज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेस पॉल जोडणीत चार ओढती बटणे व पट्टीखाली दडवलेले दोन स्विच असून तिचे २१ संयोग सांगितले जातात. तांत्रिक कौशल्य म्हणून ती निश्चितच लक्षणीय आहे. परंतु तिची नक्कल करणाऱ्याला त्या एकवीसांतील कित्येक नाद एकमेकांपासून जेमतेम वेगळे जाणवतील. लेड झेपेलिनची १९६९ मधील पहिली ध्वनिमुद्रिका पेज यांनी मुख्यतः दोन पिकअपच्या साध्या टेलिकास्टरवर वाजवली होती, याचाही विसर पडू नये.

नाद बोटांत असतो, वायरीत नाही, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. जवारी नीट लागली म्हणून गाणे आपोआप चांगले होत नाही. पण न लागलेल्या जवारीवर चांगल्या गायकालाही षड्जाचे समाधान मिळत नाही. जोडणी हात घडवीत नाही. हाताला उत्तर देते.

अस्सलपणाचा प्रश्न :

जुन्या गिटारींच्या बाजारात मूळ डाख शाबूत असणे मोलाचे मानले जाते आणि बदललेल्या वाद्याची किंमत घटते. हीच कसोटी लावली तर गिलमोर यांची काळी गिटार गौण ठरावी. कारण तिची मान, पिकअप व जोडणी वेळोवेळी बदलली गेली. तरीही जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. त्या वेळी गिटारसाठीचा तो विक्रम होता. वादकाच्या कीर्तीचा त्यात मोठा वाटा आहे, हे उघडच आहे. परंतु त्यातून बाजाराची विसंगतीही उघडी पडते. अनामिक वादकाने केलेला बदल ‘नुकसान’ ठरतो आणि प्रसिद्ध वादकाने केलेला बदल ‘वारसा’ ठरतो. त्यामुळे कित्येक निनावी पाठभेद दुरुस्तीच्या नावाखाली पुसले जाण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :

१. पिकअप-जोडणीतील फेरबदल ही वाद्यरचनेची कृतीतून केलेली समीक्षा आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या पाच जागांच्या स्विचमध्ये निर्मात्यानेच तिला मान्यता दिलेली दिसते.

२. फेरबदलाचे मोल संयोगांच्या संख्येवर अवलंबून नसते. गिलमोर यांची एका स्विचची भर, व्हॅन हेलन यांची वजाबाकी आणि मे यांची विपुलतेतील संयमित निवड या तिन्हींत, कोणता नाद हवा याची स्पष्ट जाणीव हा समान धागा आहे.

३. अपघातातून आलेला बदलही कलात्मक ठरू शकतो. मात्र तो ओळखणारा व टिकवणारा कान असावा लागतो.

४. अस्सलपणा केवळ कारखान्याच्या मूळ स्थितीत शोधणे अपुरे आहे. वाद्य ज्या हातांनी वाजवले, त्या हातांनी उघडलेले डाखही त्याच्या इतिहासाचाच भाग आहेत. त्यांची नोंद वादकाचे नाव प्रसिद्ध असो वा नसो, व्हावयास हवी.