दुखेल, पण थोडा वेळ

‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक आपणच घालतो आणि दवाखान्यात ‘मुळीच दुखत नाही’ असंही आपणच सांगतो. लहान मुलांची दोन चित्रपुस्तकं आम्ही या दृष्टीने तपासली.

बेमेलमन्स यांच्या ‘मॅडलिन’मध्ये (१९३९) अपेंडिक्स काढलेली मुलगी पोटावरचा व्रण मैत्रिणींना ऐटीत दाखवते. गंमत आहे, पण गोष्ट थेट शुद्धीवर येण्यापर्यंत उडी घेते. मार्गरेट आणि एच. ए. रे यांचं जॉर्ज माकडाचं रुग्णालयातलं पुस्तक (१९६६) बॉस्टनच्या बालरुग्णालयाच्या सहकार्याने झालं. त्यात कोड्याचा तुकडा गिळणं, बेरियम पिणं, क्ष-किरण चित्र, इंजेक्शन, शस्त्रक्रिया हे क्रमाने येतं. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की भीती आटोक्यात राहते. म्हणून हे पुस्तक आम्हाला अधिक उपयोगी वाटतं.

तरी धुळ्याच्या हिरे शासकीय रुग्णालयात येणाऱ्या अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ते परकंच वाटेल. जॉर्जचा पालक रात्री निघून जातो. आपल्याकडे माय खाटेजवळच असते. केसपेपरची रांग, माय, सुई यांची चित्रं मुलांकडूनच काढून घेऊन वर्गाचं पुस्तक करता येईल. पाच-सहा वर्षांच्या मुलांना त्रिगुणी लसीची बूस्टर मात्रा असते. त्याआधी ते वाचावं. त्यात ‘दुखेल, पण थोडा वेळ’ हे पान मात्र गाळू नये.