बातमीबाहेरचे मालेगाव

आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात रोज सकाळी दोन वर्तमानपत्रे येतात, एक मराठी आणि एक उर्दू. पाच मिनिटांत त्यांची पाने सुटी होतात आणि टेबलाटेबलांवर फिरू लागतात. २०२५ च्या फेब्रुवारी अखेरीस, रमजान अगदी तोंडावर आलेला असताना, मराठी पानावर 'मालेगाव' हे नाव ठळक अक्षरांत दिसले. समोर बसलेल्या एका बुजुर्गांनी ते उलट्या बाजूने वाचले, बशी खाली ठेवली आणि विचारले, "या अल्लाह! अब क्या हुआ वहाँ?" पान ज्याच्या हातात होते तो पोरगा म्हणाला, "कुछ नै चाचा, पिच्चर आया है." सारे हॉटेल हसले. आम्हीही हसलो. पण त्या हसण्यात करमणुकीपेक्षा सुटकाच जास्त होती, हे घरी परतताना ध्यानात आले.

चाचांना हा प्रश्न वर्तमानपत्रांनीच शिकवला आहे. ऑक्टोबर २००१ ची दंगल. ८ सप्टेंबर २००६ चा शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस आणि कब्रस्तानाजवळचे स्फोट. २९ सप्टेंबर २००८, रमजान संपत आलेला आणि भिक्कू चौकातला स्फोट. हा क्रम आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. २००६ च्या प्रकरणात प्रथम पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. दर वेळी मालेगाव पहिल्या पानावर आले. या तारखांच्या मधल्या हजारो दिवसांत त्या गावाने काय केले? लूम चालवले, पोरींची लग्ने लावली, शुक्रवारच्या सुट्टीत सिनेमे पाहिले, उधारी फेडली. यातले काही बातमी होण्यासारखे नव्हते. बातमीचा तो स्वभावच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. बातमी जे सोडून देते ते उचलणे हे साहित्याचे आणि कलेचे काम. तक्रार असलीच तर तिथे आहे, आणि त्यात आम्ही स्वतःलाही धरतो.

ज्या चित्रपटाची बातमी त्या दिवशी आली तो 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. दिग्दर्शन रीमा कागती यांचे, लेखन वरुण ग्रोव्हर यांचे. पण तो पाहण्याआधी त्याच्या मुळाशी असलेला एक लहानसा माहितीपट पाहायला हवा. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' २००८ साली तयार झाला आणि आपल्याकडच्या चित्रपटगृहांत २०१२ साली पोचला. आम्ही दोन्ही लागोपाठ पाहिले. गोष्ट एकाच गावाची, माणसेही तीच. तरी दोन्हींत एक फरक आहे आणि तो साधा नाही.

मूळ हकीकत थोडक्यात अशी. मोसम नदी मालेगावची दोन भागांत वाटणी करते, एका काठाला मुस्लिम वस्ती, दुसऱ्याला हिंदू. मुस्लिम वस्तीचे पोट यंत्रमागावर. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, आणि त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर तरुणांची गर्दी सिनेमाला. या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट काढला. नट गावचे, पैसा गावचा, विनोद गावचा. तो गावाने डोक्यावर घेतला आणि अशा चित्रपटांची रांगच लागली. त्यातला 'मालेगाव का सुपरमॅन' तयार होत असताना फैझा खान कॅमेरा घेऊन तिथे हजर होत्या. क्रेन नाही म्हणून बैलगाडी, ट्रॉली नाही म्हणून सायकल, आकाशात उडण्याचे दृश्य घ्यायचे तर मागे हिरवे कापड. आणि सुपरमॅन कोण, तर शफीक शेख नावाचा लूमवर काम करणारा काटकुळा तरुण.

आमच्या काही लेखकमित्रांना या सगळ्यात नक्कल दिसते. मुंबईची नक्कल, पुढे तर थेट अमेरिकेची. यात आपले असे काय, असा त्यांचा प्रश्न. आम्हाला तो वरवरचा वाटतो. विडंबनात साचा उसना असतो, पण आत जे ओतले जाते ते पाहावे लागते. अमेरिकेचा सुपरमॅन जग वाचवतो. मालेगावचा सुपरमॅन दम्याने बेजार आहे, कारण गावची हवाच तशी, आणि त्याचा वैरी आहे तंबाखू-गुटख्याचा पसारा मांडणारा खलनायक. लूमच्या खोलीत दिवसरात्र राबणाऱ्या गावाचा खरा शत्रू कोण, हे या पोरांनी व्याख्यान न देता ओळखले होते. आपल्या परिसंवादांतून मुस्लिम कामगारांच्या आरोग्यावर किती वेळा बोलले गेले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

या विनोदाला दुसराही एक अर्थ आहे. हिंदी सिनेमाने मुसलमानाला फार थोडी सोंगे दिली. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३) या काळात तो नवाब आणि शायर होता. 'जंजीर' (१९७३) मध्ये तो जिवाला जीव देणारा पठाण झाला. नव्वदीनंतर तो एक तर बंदूक घेऊन येतो, नाही तर बंदूकवाल्याला पकडून देऊन आपली निष्ठा सिद्ध करतो. 'गर्म हवा' (१९७३), 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९), 'नसीम' (१९९५) यांसारखे मोजके अपवाद मोठे आहेत, पण त्यांतही माणसे काळाच्या ओझ्याखाली वाकलेली आहेत. मालेगावच्या पोरांनी यांपैकी एकही सोंग मागितले नाही. त्यांनी सरळ सुपरमॅनचा अंगरखा चढवला. आम्ही निर्दोष आहोत असे ते कॅमेऱ्याकडे पाहून म्हणत नाहीत. त्यांना तो प्रश्न विचारलेलाच नाही अशा थाटात ते वागतात, आणि आमच्या मते त्यांचे मोठे धाडस तेच आहे.

फैझा खान यांनी हा थाट ओळखला. नदीने गाव कसे दुभंगले आहे हे त्या सांगतात, पण तिथे रेंगाळत बसत नाहीत. कॅमेरा पाण्यात पडतो, पैसे संपतात, काम अडते, पुन्हा चालू होते. आणि मध्येच सुपरमॅनचे लग्न येते! शफीकच्या शादीसाठी चित्रण थांबते, दुनिया वाचवण्याचे काम तेवढे दिवस तहकूब. ते पाहताना आम्हाला आमच्या आळीतली किती तरी कामे आठवली, जी कुणाच्या तरी वलीम्यासाठी अशीच खोळंबली होती. मोहल्ल्याचे जगणे असेच अडखळत चालते. ते पडद्यावर जसेच्या तसे दिसणे ही आपल्यासाठी दुर्मीळ गोष्ट आहे.

आता २०२५ चा कथापट. तो मनापासून केलेला आहे, यात वाद नाही. दंगल आणि स्फोट यांच्या वाटेला तो जात नाही, मुसलमान पात्रांकडून देशभक्तीचा दाखला मागत नाही. नासिर आणि लेखक फरोग यांच्यातले भांडण, श्रेय कुणाचे हा जुनाच सल, मैत्रीत शिरलेला पैसा, हे सारे त्यात जिव्हाळ्याने येते. आदर्श गौरव, विनीतकुमार सिंग, शशांक अरोरा यांची कामे लक्षात राहतात. शेवटी प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात. आम्हीही पुसले.

पण डोळे कोरडे झाल्यावर एक प्रश्न उरला. माहितीपटात सुपरमॅन घडत असताना शफीकचे लग्न होते. खरा शफीक कर्करोगाने गेला तो २०११ साली, म्हणजे नंतर. कथापटात मात्र आजार आधी येतो आणि दुरावलेले मित्र सुपरमॅन काढतात ते मरणाऱ्या मित्रासाठी. कथाकाराला असा बदल करण्याचा हक्क आहे, तो आम्ही नाकारत नाही. मात्र या बदलाने काय होते ते पाहावे. मूळ हकीकतीत ही पोरे सुपरमॅन काढतात, कारण त्यांना सुपरमॅन काढायचा असतो. त्याला दुसरे कारण नाही. नव्या चित्रपटात त्या गंमतीला मृत्यूचे कारण द्यावे लागते. मालेगावचे नाव वर्तमानपत्रात यायला कुणी तरी मरावे लागते, हे आपण जाणतो. मालेगावचे हसू मोठ्या पडद्यावर यायलाही कुणी तरी मरावेच लागावे काय? चित्रपटाने हे जाणूनबुजून केले असे आम्ही म्हणत नाही. उलट इतक्या सहृदय कलावंतांकडूनही हे नकळत होते, म्हणून त्याची नोंद करावीशी वाटते.

दोष फक्त मुंबईचा नाही. मालेगावच्या त्या चित्रपटांत मालेगावच्या बायका नाहीत. नटी बाहेरगावाहून आणावी लागते, हे ती मंडळी स्वतःच सांगतात. माहितीपट एका स्त्रीने केलेला, तरी तिच्या चौकटीतही मोहल्ल्यातल्या बायका फारशा दिसत नाहीत. शुक्रवारी मर्द सिनेमाला जातात तेव्हा घरात काय चालते? ती बाजू अजून कुणी चित्रित केलेली नाही. बातमीवर बोट ठेवताना आपल्याच घरातला हा अंधार झाकून चालणार नाही.

हाच धागा मराठीपर्यंत येतो. राजन खान यांच्या कथेवरचा, शिवाजी लोटन पाटील दिग्दर्शित 'हलाल' २०१७ साली पडद्यावर आला. विषय आवश्यक होता आणि मांडणी धीट होती. पण मराठी पडद्यावर मुस्लिम घर उघडले की आत आधी तलाक दिसावा, याचेही वाईट वाटते. याउलट नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मधला सल्या आठवा. तो परश्याचा जिवलग दोस्त, करमाळ्याकडची मराठी बाकीच्यांसारखीच बोलणारा. त्याच्या मुसलमान असण्यावर चित्रपट भाष्य करत नाही. सल्या बाजूचे पात्र आहे, पण आमच्या घरातल्या पोरांना तो लगेच ओळखीचा वाटला. मराठी मुसलमान मराठीतच दोस्ती करतो, मराठीतच शिव्या खातो, ही गोष्ट सांगायला २०१६ साल उजाडावे लागले.

आणि आपले काय? १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपली लिहिणारी पिढी वाढली, अंक निघू लागले. त्या अंकांतले आपले ललित लेखन काढून पाहावे. दंगलीनंतरचा लेख, स्फोटानंतरची कविता, भाड्याने घर न मिळाल्याची कथा. ही सगळी दुःखे खरी आहेत आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण आपली लेखणी बातमीची वाट पाहू लागली आहे. बातमी प्रश्न टाकते, आपण खुलासा करतो. हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) मध्येही संघर्ष आहे. पण तिथे आधी कोकणातले अख्खे गाव दिसते, त्यातली नाती, त्यातले हेवेदावे दिसतात, म्हणून नंतरचे जळणे चटका लावते. ज्याचा रोजचा दिवस वाचकाने कधी पाहिलेला नाही, त्याच्या दुःखाने वाचक कितीसा हलणार?

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. मालेगावच्या पोरांकडे पैसा नव्हता, यंत्रे नव्हती, मोठी विद्याही नव्हती. आपल्या शुक्रवारात सांगण्यासारखे काही आहे, हा भरवसा मात्र होता. आपल्याकडे भाषा आहे, अंक आहेत, आणि वाचणारे तुम्ही आहात. पुढच्या वर्षी या पानांसाठी लिहायला बसाल तेव्हा कधी तरी खुलासा बाजूला ठेवून पाहा. सहरीला आळीत सर्वांत आधी कुणाचा दिवा लागतो, ईदच्या खरेदीत आईने स्वतःसाठी काय घेतले नाही, कोणत्या मालिकेसाठी खाला जेवण लवकर उरकते, लूमच्या खडखडाटात दोन माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे लिहा. मग एखाद्या सकाळी कुणी तरी आपल्या गावाचे नाव छापलेले पाहून न दचकता पुढे वाचू लागेल.