‘पेल्युसिड’ : एक शैलीवाचक विशेषण आणि मराठी पर्यायाचा प्रश्न

इंग्रजी समीक्षेत गद्यशैलीची प्रशंसा करताना ‘पेल्युसिड’ हे विशेषण क्वचित, परंतु गौरवाने योजिले जाते. ‘पारदर्शक’ हा त्याचा सहज सुचणारा मराठी पर्याय. तो कितपत समर्पक आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

‘पेर’ म्हणजे आरपार आणि ‘लुकेरे’ म्हणजे प्रकाशणे. यांपासून लॅटिन ‘पेर्लुकिदुस’ आणि वर्णसादृश्याने ‘पेल्लुकिदुस’ हे रूप सिद्ध झाले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते इंग्रजीत आले. ‘लुकेरे’ आणि संस्कृत ‘रुच्’ हे धातू एकाच भारोपीय मुळाचे असल्याने आपला ‘रुचिर’ हा शब्द त्याचा दूरचा आप्त ठरतो. स्त्रीबीजाभोवतीच्या आवरणास ‘झोना पेल्युसिडा’ म्हणतात. तेथे मूळ भौतिक अर्थ टिकून आहे.

अर्थात, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘लुकेरे’पासूनच आलेला ‘ट्रान्सल्युसंट’ आज अर्धपारदर्शकतेचा वाचक आहे. शिवाय ‘पेल्लुकिदुस’ नेहमीच स्तुतिवाचक नव्हता. होरेसने ‘ओड्स’च्या पहिल्या खंडात गुपिते उधळणाऱ्या निष्ठेला काचेहूनही पारदर्शी म्हटले आहे; तेथे तो उघडउघड दोष आहे.

‘पारदर्शक’ या शब्दावर आज प्रशासकीय परिभाषेची छाया आहे. कारभार पारदर्शक असावा, म्हणजे मधला पडदा नसावा. शैलीबाबत मात्र माध्यम नाहीसे होणे अभिप्रेत नाही. माध्यमच उजळलेले असणे अभिप्रेत आहे. ही जाणीव संस्कृत काव्यशास्त्रातील ‘प्रसाद’ गुणात आढळते. मम्मटाने त्यासाठी कोरड्या इंधनातील अग्नी आणि स्वच्छ जल यांचे दृष्टान्त दिले आहेत. ‘सद्’ या धातूत खाली बसण्याचा अर्थ आहे. गाळ बसला की पाणी प्रसन्न होते. म्हणजे प्रसाद हा उथळपणा नव्हे. खोल पाणीही प्रसन्न असू शकते.

यास्तव शैलीसंदर्भात ‘प्रासादिक’ हा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. त्याला ईश्वरी कृपेच्या अर्थाची जोड आहे, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागेल. तथापि ‘पारदर्शक’ म्हणताना सुबोध आणि सोपे यांची जी गल्लत वर्गात व समीक्षेत होते, ती टाळण्यासाठी एवढी किंमत मोजणे योग्य ठरेल.