पक्षाघातोत्तर हस्त-पुनर्वसनातील साहाय्यक हातमोजे : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
पक्षाघातानंतर अनेक रुग्णांचा हात मुठीत आखडून राहतो. पकड काही अंशी परत आली तरी बोटे उघडणे कठीण जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्प्रिंग, हवेचा दाब किंवा मोटार यांच्या साहाय्याने बोटे उघडणारे हातमोजे विकसित झाले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या उपयुक्ततेचा विचार खारेपाटणसारख्या ग्रामीण परिसराच्या संदर्भात केला आहे.

यंत्र आणि कार्य :
यंत्राने बोटे हलविली म्हणजे रुग्णाने ती हलविली असे होत नाही. रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न व त्याची पुनरावृत्ती हाच पुनर्वसनाचा पाया होय. ब्रिटनमधील ७७० रुग्णांवरील ‘रॅटल्स’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबो-साहाय्यित व्यायामाने हाताच्या प्रत्यक्ष कार्यक्षमतेत सुधारणा झाली नाही. ते यंत्र हातमोजा नव्हते, तरी हालचाल आणि कार्य यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते.

मापनाचा प्रश्न :
सदर चाचणीत वापरलेल्या ‘ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट’मध्ये लाकडी ठोकळे उचलणे, पेल्यातून पाणी ओतणे, गोटी धरणे अशा कृती आहेत. भात कालवून घास करणे मात्र त्यात नाही. कोकणातील रुग्णाच्या दृष्टीने स्वतःच्या हाताने जेवणे हा स्वावलंबनाचा पहिला निकष ठरतो. बोटांची टोके झाकणारा हातमोजा नेमका येथेच अपुरा पडतो. तो घालून जेवता येत नाही आणि अन्नाचा स्पर्शही कळत नाही.

देखरेख :
बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये बोटांची हालचाल प्रकाशाच्या साहाय्याने टिपून ती माहिती दूरस्थ तज्ज्ञाकडे पाठविणारा हातमोजा जाहीर केला. उपचारासाठी सोबत्यासह वारंवार कणकवली किंवा ओरोस गाठावे लागणाऱ्या रुग्णास ही दिशा आश्वासक वाटेल. केवळ कुटुंबावर विसंबणेही पुरेसे नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवरील ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊनही रुग्णांचे परावलंबित्व घटले नाही.

निष्कर्ष :
हातमोजा हे साधन आहे, उपचार नव्हे. तज्ज्ञाची नियमित देखरेख असावी, बोटांची टोके मोकळी राहावीत आणि यशाचे मापन रुग्णाच्या नित्य कामांवरून व्हावे. या तीन अटी पूर्ण न करणारे उपकरण स्वस्त असले तरी ग्रामीण रुग्णास महागच पडेल.