फुटलेल्या पोथ्या, सजलेल्या भिंती

नवी मुंबईत बेलापूरच्या अर्बन हाटासारख्या बाजारांतून आणि वाशी-नेरुळच्या हंगामी हस्तकला-प्रदर्शनांतून पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत सांगायची कथा, व सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे रंगवलेले गोल पत्ते, यांना आता शहरी ग्राहक मिळू लागला आहे, आणि या गोष्टीचे कौतुक बहुतेक सर्व लेखनात बिनशर्त केले जाते. हे कौतुक थोडे थांबवून पाहण्याची वेळ आली आहे. विक्रीसाठी मांडलेल्या चित्रांवर नजर टाकली, तर चौकटीतला गणपती, चौकटीतली राधाकृष्णाची जोडी आणि चौकटीतली एखादी सुबक सीता सर्वत्र दिसते. मात्र ज्या राक्षसांनी, नागकन्यांनी, पाताळातल्या लढायांनी आणि तुटून पुन्हा जुळणाऱ्या मस्तकांनी ही चित्रकला घडवली, ते सर्व जवळजवळ नाहीसे झालेले आढळते. जुन्या काव्यशास्त्राने ज्याला अद्भुतरस म्हटले, म्हणजे असंभव गोष्ट डोळ्यांपुढे घडताना पाहून जागणारा विस्मय, तो या लघुचित्रांचा प्राण होता. आजच्या प्रदर्शनांत रेषा टिकली आहे, रंग टिकले आहेत, परंतु विस्मय हद्दपार झाला आहे.

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांची दखल बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’ने घेतली, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने जुनी पाने जपली, मणि कौल यांनी १९७७ साली ‘चित्रकथी’ हा अनुबोधपट केला आणि २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. हा इतिहास जाणकारांच्या परिचयाचा आहे. परंतु या साऱ्या दखलींतून एक मूलभूत बाब सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचलीच नाही, ती म्हणजे चित्रकथीचे एकक चित्र नसून पोथी आहे. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या, अर्थात एका स्वतंत्र कथाभागाच्या, सुट्या पानांचा क्रमवार गठ्ठा. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाचे कलावंत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात, त्यामुळे एका पानाला दोन प्रसंग मिळतात आणि पान उलटताच कथा पुढे सरकते. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने निवेदक गातो व बोलतो. पान समोर धरलेले असते तेवढा वेळच त्या प्रसंगाचे राज्य असते.

या मांडणीचा परिणाम चित्राच्या अंगोपांगात उतरलेला आहे. चित्रकथीत निसर्गदृश्य जवळजवळ नसते. कागदाचा कोरा भाग हेच आकाश, तेच रणांगण आणि तोच समुद्र. चेहरे बहुधा एकचश्मी, म्हणजे एका बाजूने रेखलेले असतात, पण डोळा मात्र मोठा आणि पूर्ण उघडा, आणि तो नेहमी समोरच्या पात्राकडे लागलेला असतो. तांबूस, पिवळ्या, निळ्या रंगांच्या सपाट भागांना काळी रेषा बांधून ठेवते. दातांच्या रांगा, फुगलेल्या नाकपुड्या आणि ताणलेले धनुष्य यांवर चित्रकाराने जितका जीव ओतलेला असतो, तितका पार्श्वभूमीवर ओतण्याची त्याला गरजच नव्हती, कारण पार्श्वभूमी निवेदकाच्या आवाजात होती. जी कला अर्धी कागदावर आणि अर्धी कंठात वसते, तिचा कागदावरचा अर्धा भाग उचलून काचेमागे लावला की तो अपुरा दिसणारच, आणि मग हे अपुरेपण भरून काढण्यासाठी वेलबुट्टी, नक्षीदार कडा आणि रंगीत पार्श्वभूमी यांची भर पडणारच. आजच्या चित्रांतील वाढती सजावट ही याच विच्छेदाची खूण आहे.

अहिरावण-महिरावणाचे आख्यान उदाहरणादाखल घ्यावे. राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेले जाते, देवीपुढे त्यांचा बळी देण्याची तयारी होते, मारुती शोध घेत पाताळाच्या दाराशी पोहोचतो आणि तेथे त्याला अडवतो तो मकरध्वज, स्वतः मारुतीच्याच घामाच्या थेंबातून मगरीच्या पोटी जन्मलेला मुलगा. बाप-लेकाची ही झुंज एका पानावर दिसते. ओळख पटते ती पान उलटल्यावर. बभ्रुवाहनाच्या आख्यानात मुलाच्या हातून अर्जुन मरतो आणि नागमण्याने पुन्हा उठतो. मृत्यू आणि पुनरुज्जीवन यांच्यामध्ये अंतर असते ते केवळ कागदाच्या जाडीचे. अद्भुताची ही यंत्रणा आहे. असंभव गोष्ट चित्रात आधीच घडून गेलेली नसते, ती प्रेक्षकासमोर पान फिरताना घडते. झुंजीचे पान एकाने विकत घेतले आणि ओळखीचे दुसऱ्याने, तर दोघांच्याही हाती केवळ दोन वानराकृती उरतात.

पिंगुळीत आजही जे कलावंत संपूर्ण आख्यान रंगवतात, ते गाऊन दाखवतात आणि पुढच्या पिढीला चित्राबरोबर कथनही शिकवतात, त्यांचे काम समकालीन मराठी कलेतील सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी एक मानले पाहिजे. गंगावणे कुटुंबाने ठाकर आदिवासी कला आंगण या नावाने उभारलेल्या संग्रहालयात चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या एकाच परिसरात पाहायला मिळतात, आणि या तिन्ही कला एकाच कथनशक्तीची रूपे आहेत हे तेथे सिद्ध होते.

गंजिफेची कथाही चित्रकथीच्या कथेला समांतर आहे. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली ज्या खेळाचा उल्लेख येतो, तो भारतात दशावताराच्या रूपात स्थिरावला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पत्ते, प्रत्येक तळहातात मावेल एवढा. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने असतात. मत्स्य ते वामन या पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर परशुराम ते कल्की या पुढच्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा डाव रामापासून सुरू होतो आणि रात्री कृष्णापासून. विश्वाची उतरंड युगागणिक उलटते आणि सूर्यास्तानंतर सत्ता बदलते, ही कल्पना हाताळायला मिळावी म्हणून हे पत्ते रंगवले गेले. ही कला विझत आली असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती पुन्हा उभी केली, हे महाराष्ट्रावरचे मोठे ऋण आहे. पण आज ग्राहक मागतो ते दहा राजे, एका चौकटीत गोलाकार लावलेले. मत्स्याच्या दश्शीवर इवल्याशा वर्तुळात दहा मासे एकमेकांना न चिकटता बसवण्यात चिताऱ्याची खरी परीक्षा असते, आणि अंकांची ती शंभर पानेच मागणीतून गळून पडली आहेत. प्रजेविना राजे आणि डावाविना पत्ते, अशी ही अवस्था आहे.

बाकी प्रवाहांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सोनेरी वर्खाने मढवलेल्या राजस्थानी लघुचित्रांच्या नकला म्हणजे कारागिरी, कला नव्हे. किटलीवर, उशीच्या अभ्र्यावर आणि मोबाइलच्या वेष्टनावर उतरलेली चित्रकथी ही छपाई आहे. उड्डाणपुलांखालच्या भिंतींवर फुगवलेल्या आकृत्यांत लघुचित्राचा जीवच राहत नाही. आणि संगणकाने क्षणार्धात जुळवलेल्या पिळदार देवांच्या प्रतिमांत विस्मय नाही, केवळ चकाकी आहे.

मुख्य प्रश्न चौकटीचा आहे. लघुचित्र लहान असते ते जागेच्या टंचाईमुळे नव्हे, तर ते हातात धरण्यासाठी, जवळून पाहण्यासाठी, उलटण्यासाठी आणि पुन्हा बांधून ठेवण्यासाठी केलेले असते म्हणून. काचेची चौकट या चारही क्रिया बंद करते. पोथीतून एक पान काढून भिंतीवर लावणे म्हणजे पखवाजाची एक पुडी उतरवून शोभेसाठी खुंटीला टांगणे होय. वस्तू उरते, वाद्य संपते. चित्रकाराला चौकटीचे गिऱ्हाईक मिळाले की तो साहजिकच चौकटीसाठी रंगवू लागतो, आणि चौकटीला राक्षस चालत नाही, कारण बैठकीच्या खोलीत बळी देण्याचा प्रसंग कोणी लावत नाही. अशा रीतीने प्रदर्शनाची एक साधी सोय हळूहळू कथांची छाननी करते आणि आख्यानांच्या विशाल भांडारातून चार शुभ प्रतिमा तेवढ्या शिल्लक ठेवते.

प्रेक्षकाला अद्भुत नकोच आहे, हा युक्तिवाद नवी मुंबईत तरी टिकणारा नाही. या शहरात सिंधुदुर्गातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात, आणि हीच माणसे दशावतारी नाटकातील संकासुराला, त्याच्या काळ्या मुखवट्याला आणि रंगमंचावर अवतरणाऱ्या देवांना मनापासून दाद देतात. वाशीच्या नाट्यगृहाला ज्या विष्णुदास भावे यांचे नाव आहे, त्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवून मराठी रंगभूमीचा प्रारंभ केला, तो देव-राक्षसांच्या याच सृष्टीतून. असा प्रेक्षक घरात शिरताच केवळ शुभचित्र मागतो, याचा दोष त्याच्या रुचीला देता येत नाही. त्याला संपूर्ण आख्यान कधी दाखवलेच जात नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो गंभीर आहे. सुटे चित्र लवकर विकले जाते, पोथी विकली जात नाही, मग कलावंताने जगायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर कलावंताकडे मागणे हा अन्याय आहे. ते प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी दिले पाहिजे. सहा-सात पानांचे लहान आख्यान एकत्र बांधून, कथेच्या छापील सारांशासह विकायला ठेवता येते. एका खोलीच्या घरात मोठ्या चौकटीला भिंत सापडत नाही, पण अशी पोथी कपाटाच्या खणात राहते आणि सणासुदीला घरच्यांसमोर उलगडता येते. शहरी घराला याहून सोयीची चित्रकला नाही. गाळ्यासमोर ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचे कथन ठेवायला, गंजिफेचा एक डाव मांडून ग्राहकाला बसवायला मोठा निधी लागत नाही, फक्त वस्तू विकायची की कला दाखवायची याचा निर्णय लागतो.

जी संस्था चित्रकथीचे सुटे पान विकत घेऊन कलेला आश्रय दिल्याचे समाधान मानते, ती नकळत पोथी फोडण्याची किंमत मोजत असते. सार्वजनिक पैशातून होणारी प्रत्येक खरेदी यापुढे संपूर्ण आख्यानाची असावी, गंजिफा घ्यायची तर १२० पानांची घ्यावी, आणि कथनाविना चित्रकथीचे प्रदर्शन भरवू नये. या अटी जाचक वाटणाऱ्यांनी आपण परंपरा जपतो असे म्हणणे सोडून द्यावे, कारण मकरध्वजाला आणि महिरावणाला वगळून उरते ती परंपरा नव्हे, तिचा सजवलेला अवशेष आहे.