पाद्री आणि मालक

मंगलोरी कौलांचा इतिहास धर्मांतराच्या अभ्यासकांनी वाचायला हवा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. विणकामाचे माग त्याआधीच सुरू होते. ख्रिस्ती झालेल्या बिल्लवाला जात दूर लोटी आणि ताडीचा पिढीजात धंदा मिशनला मान्य नसे. धर्म बदलणाऱ्यालाही दुसऱ्या सकाळी भाकरी लागते, हे मिशनने ओळखले. एवढे श्रेय मी देतो.

माझा आक्षेप पुढचा आहे. बाप्तिस्मा देणारी आणि मजुरी ठरवणारी संस्था एकच असली, तर कामगाराने दाद कुणाकडे मागायची? मजुरीची तक्रार श्रद्धेची उणीव ठरायला कितीसा वेळ लागतो! पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हे कारखाने ताब्यात घेतले. पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मालक बदलला, कामगार कामगारच राहिला.

१९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. मिशनने पहिल्याशी झुंज दिली, दुसऱ्याला चर्चमध्ये जागा दिली. आपण संस्था काढू तेव्हा भाकरीला धर्माची अट नको, आणि भांडवलावर नाव कामगाराचे हवे.