शिंजीला रडका म्हणण्याआधी

‘नीऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ पाहिलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, पहिली तक्रार हीरोबद्दलच येते. रोबोट भारी, म्युझिक भारी, पण तो शिंजी? रडका आहे राव. सारखा पळतो, सारखा सॉरी म्हणतो, आणि खरी वेळ आली की गुडघ्यात डोकं घालून बसतो.

हे सगळं खरं आहे. शिंजी इकारी आपल्याला आवडावा अशी मालिकेचीही फारशी इच्छा दिसत नाही. त्यामुळे त्याला गुणी बाळ ठरवायचा या लेखाचा बेत नाही. प्रश्न एवढाच की तो आवडत नाही म्हणताना आपण त्याच्याकडून नेमकं काय मागत असतो? (पुढे स्पॉयलर आहेत. मालिका जुनी आहे, तरी सांगितलेलं बरं.)

हिदेआकी आन्नोची ही 26 भागांची मालिका जपानी टीव्हीवर ऑक्टोबर 1995 ते मार्च 1996 या काळात लागली. आपल्याकडे अनेकांना ती 2019 साली नेटफ्लिक्सवर आल्यावर भेटली. कथेत 2000 साली अंटार्क्टिकात महास्फोट होतो, समुद्र चढतात, निम्मी माणसं मरतात, पृथ्वीचा आस कलतो. 2015 सालच्या जपानमध्ये बारा महिने उन्हाळा आहे. ‘देवदूत’ नावाचे अजस्र जीव शहरावर चालून येतात आणि त्यांच्याशी लढणारी ‘इव्हा’ ही यंत्रं चालवायला चौदा वर्षांची पोरं लागतात.

प्रलयानंतरच्या गोष्टी म्हटलं की डोळ्यांसमोर ओसाड वाळवंट आणि पाण्यासाठी मारामाऱ्या येतात. इथे तसं काही नाही. इथे शाळा भरते, हजेरी होते, फ्रिजमध्ये बिअर असते, तारांच्या खांबांमागे सिकाडा किरकिरत असतात. जग बुडालं, पण टाइमटेबल बुडालं नाही.

वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा प्रलय लगेच ओळखू येतो. आमच्या रोहण्यावरून पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी जायची. आमच्या पिढीला ती फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून माहीत. ती बंद पडली तेव्हा कुठलाही स्फोट झाला नाही. कापूस येतो, भाव पडतो, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि घराघरांत पोरांना एकच सांगणं असतं: शिकून घे, इथून निघ, घर वर काढ. जे मोठ्यांच्या काळात बिघडलं ते लहानांनी दुरुस्त करायचं. इव्हँजेलियनचा सगळा डोलारा याच मागणीवर उभा आहे.

पहिला भाग आठवा. बापाने तीन वर्षांनी मुलाला बोलावून घेतलंय. भेट होते ती एका राक्षसी यंत्रासमोर. कसा आहेस वगैरे काही नाही. बस आत, नाहीतर परत जा. मुलगा नको म्हणतो, तर पट्ट्यांत गुंडाळलेली जखमी रेई स्ट्रेचरवरून आणली जाते. तू नाही तर ही जाईल. शिंजी बसतो. आपण याला धाडस म्हणतो, पण तिथे घडलं ते ब्लॅकमेल. पुढे बाराव्या भागात बाप एकदा शाबासकी देतो, तेवढ्यावर हा पोरगा कितीतरी दिवस जगतो.

आता एरेन येगरकडे बघा. ‘अटॅक ऑन टायटन’च्या शेवटी तो जगातली ऐंशी टक्के माणसं तुडवून मारतो. तरी त्याचे एडिट्स फिरतात, त्याची वाक्यं स्टेटसला लागतात. शिंजी एका मुलावर हात उचलायला नाही म्हणतो आणि मीम होतो. म्हणजे आपली अडचण वाईट वागण्याशी नाही. जो ठामपणे करून टाकतो त्याला आपण कत्तलही माफ करतो. जो अडखळतो त्याला मात्र साधी भीतीही माफ नाही.

अठराव्या भागात हे स्पष्ट दिसतं. देवदूताने दुसऱ्या इव्हाचा ताबा घेतलाय. आत कुणीतरी पायलट आहे हे शिंजीला ठाऊक आहे; तो आपलाच वर्गमित्र तोजी आहे, हे ठाऊक नाही. तो लढायला नकार देतो, स्वतःचा गळा आवळला जात असतानाही. मालिकेतला हा त्याचा सगळ्यात स्वच्छ नैतिक निर्णय. बाप काय करतो? ‘डमी सिस्टिम’ चालू करायला सांगतो. कंट्रोल शिंजीच्या हातून जातो, यंत्र स्वतःच लढतं, समोरच्या इव्हाच्या चिंधड्या करतं आणि पायलटची कुपी चिरडतं. तोजी वाचतो, पण कायमचा जायबंदी होतो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हा सीन जास्त लागतो. माणूस विचार करून नाही म्हणाला, तर त्याचं कारण ऐकायचं नाही, माणसालाच प्रक्रियेतून काढून टाकायचं. सिस्टिमच्या लेखी शिंजीचा नकार म्हणजे नुसता बिघाड. ‘रडका’ म्हणताना आपणही त्याच कंट्रोल रूममध्ये उभे असतो.

इथवर शिंजीची बाजू सोपी होती. ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ (1997) या चित्रपटात ती अवघड होते. असुका एकटी नऊ इव्हांशी लढत असते आणि हा आपल्या यंत्रासमोर गुडघे कवटाळून बसलेला असतो. त्याच्या न उठण्याची किंमत ती मोजते. शेवटी तर तो तिचा गळा आवळतो. दुखावलेला माणूस आपोआप चांगला होत नाही, आणि आन्नो तसं भासवतही नाही. मात्र एक गोष्ट आन्नोलाही माफ करता येत नाही: असुका आणि रेईचं दुःख गंभीरपणे मांडणारी ही मालिका त्याच चौदा वर्षांच्या मुलींवर अधूनमधून हावरा कॅमेरा फिरवते. मुलांना वापरून घेणाऱ्या मोठ्यांची गोष्ट सांगताना हे जास्तच खटकतं.

मराठी वाचकाला असा न आवडणारा मुलगा नवा नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (1963) पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्यात शिकायला जातो, पैसे उधळतो आणि डिग्रीशिवाय गावी परततो. तोही बापाशी धड बोलू शकत नाही. तोही इतरांच्या मते वाया गेलेला. फरक असा की पांडुरंगाला परतायला सांगवी आहे. शिंजीला परत जायला काहीच नाही. चौथ्या भागात तो पळून जातो, ट्रेनमध्ये बसून राहतो, आणि शेवटी स्टेशनवरून गाडी निघून जाते तेव्हा फलाटावरच उभा असतो.

ते गाव त्याला मिळालं 2021 साली, ‘थ्राइस अपॉन अ टाइम’ या शेवटच्या चित्रपटात. पुन्हा एक प्रलय झालाय. वाचलेली माणसं जुन्या रेल्वे डब्यांच्या आसपास वस्ती करून भात लावतायत. शिंजी दिवसेंदिवस बोलत नाही, जेवत नाही. एक म्हातारा जेवणावरून खेकसतो, असुका तर चिडून त्याच्या तोंडात अन्न कोंबते. मोठा झालेला केन्सुके त्याला घरात ठेवून घेतो, ताट पुढे ठेवतो आणि आपल्या कामाला जातो. यंत्रात बस असं कुणी म्हणत नाही. सावर स्वतःला, असंही केन्सुके म्हणत नाही. मग एके दिवशी तो रडत रडत खातो. त्यानंतर तो उठतो आणि बापाला सामोरा जायला निघतो. या वेळी त्याला कुणी पाठवलेलं नसतं.

पहिल्या भागात बापाने जे ओरडून मिळवलं, ते इथे एका ताटाने झालं, आणि जास्त टिकाऊ झालं. पहिल्या मालिकेपासून इथे पोहोचायला आन्नोला पंचवीस वर्षं लागली. शिंजी आवडलाच पाहिजे असं नाही. पण आपल्याही ओळखीत असा एखादा असतो, ड्रॉप घेऊन घरी बसलेला, फोन न उचलणारा, नातेवाइकांत ‘त्याचं काही खरं नाही’ म्हणून गाजलेला. त्याला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा पुढे काय करणार हे विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.